डावा गुडघा, चार दिवस आराम

आधीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगायला नको. वहीतली ती नोंद मीच केली होती. अक्षर माझं, पेन माझं आणि दिवे लावले तेही मीच.

आमच्या क्लबात मी फिजिओ. सत्तावीस वर्षं झाली. स्टेडियमच्या पायऱ्यांखाली माझी खोली आहे. पायऱ्यांचं छत एका बाजूला उतरत गेलेलं, त्यामुळे उंच पोरी आत आल्या की आधी डोकं आपटतात आणि मग काय दुखतंय ते सांगतात. तपासायची दोन टेबलं, बर्फाचा फ्रीज, पट्ट्यांचं कपाट आणि खिडकीपाशी माझी वही. पोरी मला पट्टीमावशी म्हणतात. रागीट म्हणूनही माझी ख्याती आहे आणि ती खोटी नाही. पण राग नाकावर असला तरी पोटात काही नसतं माझ्या, हे पोरींना पहिल्या आठवड्यातच कळतं आणि मग त्या डोक्यावर मिऱ्या वाटतात.

वहीचं नीट समजून घ्या, कारण सगळं रामायण तिच्यापासून सुरू झालं. आमचे कोच, त्यांना सगळे सर म्हणतात, माणूस सोन्यासारखा; पण कुणी सुट्टीचं नाव काढलं की अंगावर पाल पडल्यासारखं करतात. त्यांचा एकच नियम. सरावाला यायचं नसेल तर वहीत मावशीची नोंद पाहिजे. बहिणीचं लग्न, परीक्षा, प्रेमभंग, काही म्हणजे काही चालायचं नाही. दुखणं वहीत असेल तर आराम, नाहीतर धावा.

मग पोरी कुणाकडे येणार? माझ्याकडे. पहिल्यांदा एकीला दोन दिवस दिले, तिची आई आजारी होती. मग दुसरीला दिले. पुढे पुढे मी दुखणी वाटायलाच बसले म्हणा ना. परीक्षा असली की कंबर, लग्न असलं की पोटरी, घरी भांडण असलं की मान. घोटा मात्र कधी दिला नाही, कारण घोटा सर स्वतः दाबून बघायचे. खरी दुखणी पण त्याच वहीत, त्याच अक्षरात. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट आपण पोरींच्या आईच आहोत, अशी हवा डोक्यात गेली होती.

आता नाकतोड्याबद्दल. तिचं खरं नाव क्लबाच्या यादीत आहे, पण तिला त्या नावाने हाक मारली तर ती वळूनसुद्धा बघायची नाही. नुसते पाय, बाकी काही नाहीच, म्हणून नाकतोडा. ट्रिपल जंप करायची. एक लंगडी, एक ढांग आणि एक उडी, हे सगळं धावत येऊन. ती फळीवर डाव्या पायाने उडायची आणि लंगडीत पुन्हा डाव्यावरच पडायची. ज्याने कधी केलं नाही त्याला कळायचं नाही त्या गुडघ्यावर किती भार येतो ते. मला कळत होतं. पगारच मला त्याचा मिळतो.

वडील बोटीवर कामाला. अकरा महिन्यांनी घरी येणार होते, तेही चार दिवसांसाठी. आणि नेमकी निवड चाचणी तीन आठवड्यांवर. सरांनी सुट्टीला तोंडावर नाही म्हटलं. पोरगी माझ्या दारात येऊन उभी राहिली, डोकं आपटून झाल्यावर. वडील येतायत आणि सर नाही म्हणाले, एवढंच बोलली.

"रडू नकोस," मी म्हटलं, "थांब जरा, बघू दे तुला काय झालंय ते."

आणि वही ओढली. बघायला कुठे गेले मी? चार दिवसांना पोटरी पुरत नाही. कंबर त्याच आठवड्यात दुसरीला दिली होती. गुडघ्यातलं सरांना काही कळत नाही, म्हणून गुडघा. कुठला? डावा, ती डाव्यावर उडते म्हणून. आणि एकदम इतका आराम कसा, असं सरांनी विचारू नये म्हणून वर आणखी एक फोडणी घातली. लिहिलं, "डावा गुडघा. जुनी दुखापत. चार दिवस आराम."

ती वाकून वाचत होती. वाचून माझ्याकडे बघतच राहिली. "मावशी, तुम्हाला कसं हो कळतं सगळं?" म्हणाली.

"केस काय उन्हात पिकलेत का माझे?" मी म्हटलं. "जा, पळ. आणि पळताना सरांना दिसू नकोस."

कौतुक कुणाला आवडत नाही? दिवसभर मी खुशीत होते.

पुढच्या वर्षी क्लबाने खेळाडूंचा अपंगत्व विमा काढला. तोही माझ्याच हट्टापायी, हे पण ऐकून ठेवा. खेळताना कायमचं जायबंदी झालं, खेळणं बंद झालं, तर एकरकमी भरपाई. तीन वर्षं मी कमिटीच्या प्रत्येक मीटिंगला तेच तुणतुणं लावलं होतं. पोरी विशीत शरीर मोडून घेतात, शिक्षण अर्धवट, हातात दुसरं काम नाही, मग पुढे त्यांनी काय करायचं? शेवटी माझ्या तोंडाला कंटाळून कमिटी हो म्हणाली. अर्ज आले. अकरा पोरींचे अर्ज एका दुपारी माझ्या खोलीत बसून भरले. एक प्रश्न होता, गेल्या पाच वर्षांत गुडघा, घोटा, कंबर, खांदा यांना दुखापत किंवा त्यावर उपचार? ज्यांची खरी दुखणी मला ठाऊक होती त्यांना हो लिहायला लावलं, तारखेसकट. नाकतोड्याची पाळी आली तेव्हा तिने पेन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतेस? ठणठणीत तर आहेस. नाही लिही," मी म्हटलं.

तिने नाही लिहिलं. वही तीन हातांवर उघडी पडलेली होती. मला ती नोंद आठवली पण नाही. माझ्या लेखी ते दुखणं नव्हतंच ना, ती रजेची चिठ्ठी होती.

त्यानंतर नऊ महिन्यांनी, साध्या सरावात, लंगडीवर पडताना तिचा गुडघा गेला. मी वाळूच्या खड्ड्यापाशीच उभी होते. तो आवाज मला ऐकू आला. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती वाळूत बसली आणि पायाकडे बघत राहिली. लिगामेंट तुटलं होतं, ते शिवता येतं. पण सर्जन मला बाजूला घेऊन म्हणाले, आतली गादी पार झिजलेली आहे, हे काही आजचं नाही. मी म्हटलं, डॉक्टर, उड्या मारणाऱ्या सगळ्यांचीच झिजते. ते म्हणाले, झिजते, पण इतकी झिजेपर्यंत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? सर्जन लोकांना दुसऱ्यावर ढकलायची सवयच असते, असं म्हणून मी ते कानाआड केलं. दोन ऑपरेशनं झाली. काठी कायमची. उडी संपली, तेविसाव्या वर्षी.

विम्याचा दावा मीच भरून दिला. तिला म्हटलं, काळजी करू नकोस, याच दिवसासाठी मी तीन वर्षं घसा कोरडा केला होता. वडिलांचा पगार ऑपरेशनात संपलेला, हिचं मानधन क्लबाने नियमाप्रमाणे बंद केलेलं. त्या भरपाईवर ती दोन वर्षांचा कोर्स करून बसल्या जागी करायचं काही काम शिकणार होती. दुसरा काही आधारच नव्हता.

विमा कंपनीने चौकशीला एक माणूस पाठवला. गोड बोलणारा, बारीक, चष्मेवाला. जुन्या नोंदी आहेत का, म्हणाला. आणि इथे बघा माझा शहाणपणा. मी ती वही फडक्याने पुसून त्याच्या हातात दिली. वर म्हटलं, "बघा, सत्तावीस वर्षांत एक दिवस कोरा सापडायचा नाही." तो पान पान बघत बसला. मी त्याला चहा दिला, बिस्किटं दिली. त्याने दोन पानांचे फोटो काढले, आभार मानले आणि गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

महिन्याने पत्र आलं. दावा नामंजूर. पूर्वीची दुखापत अर्जात लपवली, पुरावा म्हणून क्लबाच्या वैद्यकीय वहीतली नोंद.

मी पत्र दोनदा वाचलं आणि खाली बसले. मग उठून सरांकडे गेले आणि सगळं ओकून टाकलं. सर भडकले. "इतकी वर्षं मला मूर्ख बनवलंत? अहो, मला येऊन विचारलं असतं तर मी दिली नसती का सुट्टी?"

"दिली असती?" मी विचारलं.

सर खुर्चीत बसले. "नसती दिली," म्हणाले. त्या एका वाक्यासाठी मी त्यांना बाकी सगळं माफ केलंय. माझं मला कोण करणार, ते मात्र कळत नाही.

पत्राविरुद्ध विमा लोकपालांकडे तक्रार केली आणि सुनावणी लागली. मी ठरवलं, जाऊन खरं सांगायचं. वहीत खोटं लिहिलं म्हणून नोकरी गेली तर गेली. पोरीला म्हटलं, तू फक्त बस, बोलायचं ते मी बोलते. "मावशी, तुमचं काय होईल?" म्हणाली. मी म्हटलं, "माझं लोणचं घाल. चल."

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. अपंगत्वाच्या सुनावण्या इथे घेतात आणि लिफ्ट बंद! शिपायाला मी तिथेच चांगला झापला. बिचारा म्हणाला, बाई, मी काय केलं? खरंच, त्याने काय केलं होतं? पोरगी कठड्याला धरून एकेक पायरी चढली. मी मागून तिचा पाय बघत चढले. डावा टाकताना ती श्वास धरायची.

सुनावणी घेणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या, शांत. शेजारी विमा कंपनीचा तो चष्मेवाला. बाईंनी माझी नोंद मोठ्याने वाचली. मी उठून सांगितलं, ही नोंद खोटी आहे, सुट्टीसाठी लिहिली होती, पोरीचा काही दोष नाही, शिक्षा करायची तर मला करा. चष्मेवाला गोड हसून म्हणाला, म्हणजे तेव्हा खोटं लिहिलं आणि आज खरं बोलताय, असं आम्ही धरून चालायचं?

बाईंनी मी बरोबर नेलेली वही उघडली आणि एका नोंदीवर बोट ठेवलं. "ही खरी की खोटी?"

"खरी."

"ही?"

"ती... ती खोटी."

"आणि ही?"

मी बघत राहिले. कुणाची तरी कंबर होती, सहा वर्षांपूर्वीची. खरी होती की परीक्षा होती, मला आठवेना. माझ्याच अक्षरात, माझ्याच वहीत, आणि मला सांगता येईना. सत्तावीस वर्षांची नोकरी त्या एका बोटाखाली आली.

बाईंनी वही मिटली. म्हणाल्या, "मग वहीला मी फारसं महत्त्व देऊ शकत नाही. कुणाच्याच बाजूने. मला एकच सांगा. त्या दिवशी तुम्ही तिचा गुडघा तपासला होता का? फिजिओ म्हणून, हात लावून? गुडघा चांगला होता हे तुम्ही स्वतः बघितलं असेल, तर गोष्ट वेगळी होते. बघितलंच नसेल, तर तो चांगला होता हे तुम्ही तरी कशावरून म्हणता?"

साधा प्रश्न. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सुचेल असा. मला दोन वर्षांत एकदाही सुचला नव्हता.

खरं बोलायला म्हणून आले होते. पण समोर दावा बुडताना दिसत होता. म्हटलं, एक खोटं बोलून पोरीला बुडवलं, आता एक बोलून वर काढते.

"तपासला होता," मी म्हणाले. "दोन्ही गुडघे. वाकवून, दाबून, सगळं. काही नव्हतं. ठणठणीत."

बाईंनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि मान हलवली. जबानी टाइप होईपर्यंत बाहेर बसायला सांगितलं. निकाल दीड महिन्याने आला आणि तो तिच्या बाजूने लागला, हे आत्ताच सांगते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. भरपाई मिळाली, कोर्सला नाव घातलं. क्लबाने मला काढलं नाही, नुसती वही काढून घेतली. कुणाला वाटेल, झालं की मग सगळं गोड. पण माझं काय झालं ते त्या बाहेरच्या बाकावर झालं.

बाक भिंतीला लागून होता. माणसं फायली घेऊन ये-जा करत होती. मी तिच्या शेजारी टेकले, जरा फुशारकीनेच. म्हटलं, जमलं गं.

"मावशी, तुम्ही कधी तपासला?" तिने विचारलं.

"काय?"

"गुडघा. त्या दिवशी."

"कुठला तपासतेय! थाप मारली. तोंड बंद ठेव आता आणि सही होईपर्यंत कुणाशी बोलू नकोस."

तिने काठी आडवी मांडीवर घेतली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"काय माहीत नव्हतं?"

"तो तेव्हा दुखत होता."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय ते.

"जिना उतरताना दुखायचा. सकाळी उठल्यावर आखडलेला असायचा. कुणाला बोलले नव्हते, सरांनी निवडीतून काढलं असतं. तुम्हाला सांगावं असं रोज वाटायचं. आणि मी काही न सांगता तुम्ही वहीत डावा गुडघा लिहिलंत. जुनी दुखापत लिहिलंत. मला वाटलं, मावशीने चालण्यावरून ओळखलं. सरांना कळू न देता सांभाळून घेतलं. आणि चारच दिवस आराम लिहिलाय, म्हणजे मोठं काही नसणार." ती थांबली. "मग मी उडत राहिले. फॉर्म भरताना परत विचारणार होते, तर तुम्ही म्हणालात ठणठणीत आहेस. म्हटलं, मावशी म्हणते म्हणजे असेल."

"अगं, मग बोलायचंस ना! तोंड नव्हतं का तुला?" मी ओरडलेच. दोन माणसं वळून बघायला लागली. स्वतःवरचा राग असा दुसऱ्यावर काढायची मला जुनी खोड आहे.

"तुम्ही लिहिलं होतं ना," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, तेही समजूत काढल्यासारखं.

तेवढ्यात शिपाई बोलवायला आला. मी आत गेले. कागदावर लिहिलं होतं, मी स्वतः तपासणी केली आणि गुडघा निर्दोष आढळला. वाचलं आणि सही केली. मघाशी ते एकपट खोटं होतं, आता दुप्पट झालं होतं, तरी केली. त्या सहीची मला आजही लाज वाटत नाही. लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. त्या दिवशी माझ्या दारात एक दुखणारा गुडघा आला होता. टेबल होतं, हात होते, इतक्या वर्षांचा अनुभव होता. टेबलावर झोपवून दोन मिनिटं दाबला असता तर मला कळलं असतं, तेव्हाच्या तेव्हा. सहा महिने उडी बंद केली असती, ती माझ्या नावाने बोटं मोडत घरी बसली असती आणि आज उडत असती. मी हात नाही लावला. वही ओढली.

बाहेर आले तर ती तशीच बसली होती. "चला मावशी, मला उतरायला वेळ लागतो," म्हणाली.

मी तिच्या समोर जमिनीवर बसले. माझेही गुडघे आता सुखाने वाकत नाहीत. तिचा डावा पाय उचलून माझ्या मांडीवर घेतला.

"मावशी, इथे काय? लोक बघतायत. आणि आता बघून काय होणार?"

"गप्प बस," मी म्हटलं. पॅंटवरूनच वाटीच्या दोन्ही बाजूंना अंगठे लावले आणि हळूहळू आत दाबत गेले, जसं शिकवलं होतं तसं, जसं करायला हवं होतं तसं. आतल्या बाजूला, शिवलेल्या जागेच्या खाली, माझं बोट थांबलं.

"इथे दुखतं?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "इथेच दुखायचं."